ज्योत लहान, तळं मोठं

पेटलेली मेणबत्ती फुंकून विझवा आणि वातीतून वर जाणारी पांढरी रेघ नीट बघा. त्या रेघेत, वातीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर, पेटती काडी धरा. आग रेघेवरून सरसर खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. काडी वातीला टेकलेलीसुद्धा नसते. एकोणिसाव्या शतकात मायकेल फॅरेडे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर व्याख्यानं देत, तेव्हा हा प्रयोग करून दाखवत. ती रेघ म्हणजे मेणाची वाफ, थंड होऊन बारीक कणांची झालेली.

घट्ट मेण जळत नाही. ज्योतीच्या उष्णतेनं ते वितळतं, वातीच्या धाग्यांमधून वर चढतं, वर त्याची वाफ होते आणि जळते ती ही वाफ. उन्हाळ्यात बाहेर गप्पांना बसताना मधोमध ठेवायची डास पळवणारी मेणबत्ती घरी करायची असेल, तर आधी ही वाट समजून घ्यायला हवी. कारण मेणात मिसळलेलं सुगंधी तेलही याच वाटेनं वर जातं आणि ज्योतीत शिरतं. ज्योतीचा सर्वांत तापलेला भाग १,४०० अंश सेल्सियसच्या आसपास असतो. तिथे तेलाचं तेल म्हणून काही उरत नाही. मेणासारखंच तेही जळून जातं आणि मागे राहतात मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ. डास माणसाला शोधत येतो तो या दोन्हींच्या मागावर.

म्हणजे वातीतून गेलेलं तेल वाया गेलं. कामाचं तेल ते, जे वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून न जळता हवेत उडून जातं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की मेणबत्तीचं भांडं कसं असावं, वाती किती असाव्यात, तेल किती घालावं, ती ठेवावी कुठे, हे सगळं आपोआप सुचत जातं.

पण आधी डासाकडे बघू. चावते ती फक्त मादी. अंडी तयार करण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला दहा-वीस मीटरवरूनही कळतो. तोंडाजवळच्या दोन लहान स्पर्शेंद्रियांवर त्यासाठी खास पेशी असतात. हवेत श्वासाचा पट्टा सापडला की ती वाऱ्याच्या उलट दिशेनं, नागमोडी वळणं घेत त्या पट्ट्यातून पुढे सरकते. जवळ आल्यावर डोळे कामाला लागतात. मग त्वचेवरच्या लॅक्टिक आम्लाचा आणि इतर घटकांचा वास, आणि अगदी शेवटच्या टप्प्यात अंगाची ऊब आणि ओलावा. एका खुणेनं चकवा दिला तरी दुसरी हाती असते. म्हणून डासाला फसवणं वाटतं तितकं सोपं नाही.

आता तेल. अशा मेणबत्तीत बहुतेक वेळा सिट्रोनेला तेल असतं. गवती चहाच्याच जातकुळीतल्या दोन गवतांपासून ते काढतात. एक सिलोन सिट्रोनेला, दुसरं जावा सिट्रोनेला. पात्यांमधून वाफ सोडायची, तेल त्या वाफेबरोबर बाहेर येतं, आणि ती थंड केली की पाण्यावर तरंगतं. सिट्रोनेलाल, जेरानिऑल आणि सिट्रोनेलॉल हे त्यातले मुख्य घटक. जावा जातीत ते जास्त प्रमाणात असतात, त्यामुळे निवड करता आली तर जावा घ्यावं. कीटकांना दूर ठेवणारं द्रव्य म्हणून या तेलाची अमेरिकेत १९४८ सालीच अधिकृत नोंदणी झाली.

ते काम कसं करतं? 'आपल्या अंगाचा वास झाकला जातो' हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं, पण ते अपुरं आहे. २०१० साली फळमाश्यांवर झालेल्या संशोधनात दिसलं की सिट्रोनेलाल टाळण्यासाठी माशीला टीआरपीए-१ नावाचं प्रथिन लागतं. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस डासातही हे प्रथिन सिट्रोनेलालनं जागं होतं. याच प्रथिनाचं भावंड आपल्या शरीरातही आहे. मोहरीचा झणका नाकात जातो आणि डोळ्यांत पाणी येतं, ते त्याच्यामुळे. त्यामुळे डासाला हा वास आपल्या मोहरीच्या झणक्यासारखा लागत असेल, असं समजायला हरकत नाही. तो मरत नाही, वळून जातो, आणि तेही वास पुरेसा दाट असेल तरच.

याच कारणानं सिट्रोनेलाचं रोप कुंडीत लावून शेजारी बसण्यात अर्थ नाही. तेल पात्याच्या आत बंद असतं. पातं चुरगळलं की बाहेर येतं. नुसतं उभं असलेलं रोप डासांना अडवत नाही.

मग मेणबत्तीचा उपयोग खरंच होतो का? १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात ३ टक्के सिट्रोनेला असलेल्या मेणबत्त्यांजवळ बसलेल्या माणसांना सुमारे ४२ टक्के कमी चावे बसले. ५ टक्के सिट्रोनेलाच्या उदबत्तीजवळ २४ टक्के कमी. आणि तेल अजिबात नसलेल्या साध्या मेणबत्तीजवळ? २३ टक्के कमी. हा शेवटचा आकडा मला फार बोलका वाटतो. मेणबत्ती स्वतःच ऊब, ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे काही डास माणसाऐवजी तिच्याकडेच वळत असावेत. याउलट २०१७ साली न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी वाऱ्याच्या बोगद्यात डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासांवर प्रयोग केला, तेव्हा सिट्रोनेला मेणबत्तीचा काहीही परिणाम दिसला नाही. हवा वाहती असली की वास टिकत नाही, आणि एडिस जिद्दी असतो.

मात्र सगळ्यात कामाची तुलना २००९ सालची आहे. त्या अभ्यासात बंद खोलीत सिट्रोनेलाच्या मेणबत्तीनं डास फक्त १४ टक्के दूर राहिले. तेच सिट्रोनेला न जाळता हवेत सोडणाऱ्या उपकरणातून दिलं तेव्हा ६८ टक्के. जेरानिऑलचंही तसंच: मेणबत्तीतून ५० टक्के, उपकरणातून ९७. तेलाची मात्रा दोन्हीकडे सारखी नसणार, हे मान्य. तरी कल स्पष्ट आहे. ज्योतीच्या तावडीतून जितकं तेल सुटेल तितका गुण. (डासांच्या कॉइलमध्येही हेच तत्त्व आहे. कॉइल धगधगत जळत नाही, धुमसते. निखाऱ्याच्या मागच्या तापलेल्या भागातून औषध जळण्याआधीच उडून जातं.)

माझी पहिली मेणबत्ती उंच, अरुंद पेल्यात ओतलेली होती. न पेटवता हुंगली की नाक भरून वास यायचा. पेटवून दोन पावलं मागे सरलं की वास नाहीसा. तळं जेमतेम रुपयाच्या नाण्याएवढं व्हायचं आणि त्यातलं जवळजवळ सगळं वात पिऊन टाकायची. तेल वाढवून पाहिलं, तर ते मेणावर घामासारखं थेंब थेंब सुटलं. मेण ठरावीक तेलच धरून ठेवतं. जास्तीचं तेल वर येतं, आणि ते भपकन पेटण्याचा धोका असतो. चूक तेलाच्या मापात नव्हती, पेल्याच्या आकारात होती.

तेव्हा भांडं पसरट घ्या. बारा ते पंधरा सेंटिमीटर रुंद, सहा-सात सेंटिमीटर खोल, पत्र्याचं किंवा उष्णता सोसणाऱ्या जाड चिनी मातीचं. तडा गेलेलं भांडं किंवा पातळ काच नको. त्यात एक जाड वात लावण्याऐवजी तीन मध्यम वाती त्रिकोणात लावा. एका मोठ्या ज्योतीपेक्षा तीन लहान ज्योती तळं जास्त पसरवतात. वात सुती आणि वेणीसारखी विणलेली असावी. विणलेल्या वातीचा शोध १८२५ साली कांबासेरेस या फ्रेंच माणसानं लावला. जळताना तिचं टोक वाकून ज्योतीच्या बाहेरच्या, जास्त तापलेल्या भागात जातं आणि जळून संपतं, त्यामुळे आधीसारखी सारखी कात्री लावावी लागत नाही.

मेण कमी तापमानाला वितळणारं हवं, म्हणजे तळं लवकर पसरतं. सोयाचं मेण साधारण ५० अंशांना वितळतं. भांड्यात ओतण्यासाठी मिळणारं मऊ पॅराफिनही चालतं. मधमाश्यांचं मेण सुरेख असतं, पण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, तळं लहान राहतं आणि त्याचा स्वतःचा वासही दाट असतो. या कामासाठी मी ते वापरत नाही.

अर्धा किलो मेण घ्या. ते थेट आचेवर कधीही ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत ठेवा, त्यात मेणाचं भांडं बसवा. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे मेणही जात नाही. पातेल्यातलं पाणी मात्र आटू देऊ नका. मेण पूर्ण पातळ होऊन पारदर्शक दिसू लागलं की आच बंद करा आणि भांडं बाहेर काढून चुलीपासून दूर न्या. तापमापी लावा. पारा ६५ अंशांजवळ उतरला की २५ ते ३० ग्रॅम तेल घाला, म्हणजे मेणाच्या पाच-सहा टक्के. या पायरीला घाई नको. सिट्रोनेला तेल ७५-८० अंशांच्या आसपास तापलं की त्याच्या वाफा ठिणगीनंही पेट घेऊ शकतात, आणि गरम मेणात टाकलेलं तेल मेणबत्तीत मुरण्याआधीच उडून जातं. तेल मेणात पडलं की आधी त्याच्या तेलकट रेषा तरंगताना दिसतात. त्या पूर्ण दिसेनाशा होईपर्यंत, दोन मिनिटं तरी, हळूहळू ढवळा.

वाती आधीच तळाशी थेंबभर मेणानं चिकटवून, वरून काड्यांच्या आधारानं सरळ उभ्या करून ठेवलेल्या असाव्यात. मेण सावकाश ओता. एक दिवस हात लावू नका. मग वाती पाच-सहा मिलिमीटरवर कापा. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा पृष्ठभाग कडेपर्यंत वितळल्याशिवाय विझवू नका. मध्येच विझवली तर कडेचं मेण घट्ट राहतं, पुढच्या वेळीही ज्योत मधलंच मेण खात खाली जाते, विहिरीसारखा खड्डा पडतो आणि तळं कायमचं लहान होऊन बसतं.

ठेवायची कुठे, यावर अर्धं यश अवलंबून आहे. मध्यभागी एक ठेवून भागत नाही. वास दाट असतो तो मेणबत्तीच्या मीटरभर परिसरात. तीन-चार मेणबत्त्या माणसांच्या भोवती, जमिनीलगत ठेवा, कारण बसलेल्या माणसाच्या पोटऱ्या आणि घोटे डासांना आधी सापडतात. साडीचा पदर, ओढणी, लहान मुलांचे हात यांपासून मात्र लांब. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला जास्त ठेवा. माणसं जमण्याच्या अर्धा तास आधी पेटवा, म्हणजे ती येईपर्यंत तळं तयार असेल. वारा जोराचा असेल तर मेणबत्तीची आशा सोडा आणि वाऱ्याचाच उपयोग करा. डास ताशी दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास उडतो, आपल्या चालण्याहूनही हळू. बैठकीकडे तोंड करून ठेवलेला साधा पंखा त्याला उडू देत नाही आणि आपल्या श्वासाचा पट्टाही विस्कटून टाकतो. पंखा आणि मेणबत्ती यांत एकच निवडायचं असेल, तर मी पंखा निवडेन.

डेंग्यू, मलेरिया असलेल्या भागात मेणबत्तीच्या भरवशावर राहणं मला पटत नाही. तिथे अंगाला लावायचं औषधच हवं: डीट, पिकारिडिन, किंवा लेमन युकॅलिप्टसपासून मिळणारं पीएमडी. या पीएमडीचं मेणबत्तीशी जवळचं नातं आहे. लेमन युकॅलिप्टसच्या तेलात सिट्रोनेलाल भरपूर असतं आणि आम्लाच्या साहाय्यानं त्या सिट्रोनेलालपासूनच पीएमडी तयार होतं. पण पीएमडी सहजी उडून जात नाही, त्वचेवर काही तास टिकतं. तीन वर्षांखालच्या मुलांना मात्र ते लावू नये. आणि आसपास कुठे पाणी साचलेलं असेल तर आठवड्यातून एकदा ओतून टाका. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उन्हाळ्यात सात ते दहा दिवस पुरतात.

घरात मांजर असेल तर तेल आणि मेणबत्ती तिच्या वाटेत येऊ देऊ नका. अशी तेलं मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत. दम्याच्या माणसाला दाट वासाचा त्रास होऊ शकतो, वारा जिकडून येतो तिकडे, मेणबत्त्यांच्याही पलीकडे त्याला बसवा, म्हणजे वास त्याच्या अंगावर येणार नाही. मेणानं भडका घेतला तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं. भांड्यावर बसेल असं धातूचं झाकण हाताशी ठेवा, रोज विझवायलाही तेच वापरा.

सात-आठ संध्याकाळींनंतर असं होतं की मेण बरंच शिल्लक असतं, पण वास उतरलेला असतो. तेल मेणापेक्षा लवकर उडतं, त्यामुळे ते आधी संपणारच. अशी मेणबत्ती टाकून देऊ नका. मेण पुन्हा पाण्यावरच्या भांड्यात वितळवून फडक्यातून गाळा, वजन करा, नव्या वाती लावा आणि ६५ अंशांना नव्यानं तेल घाला. या वेळी पाचाऐवजी चार टक्के पुरतं, कारण थोडं जुनं तेल मेणात मुरलेलं असतंच.