म्युनिकचा स्टॉल, दिल्लीची दोन खाती

कुपवाड एमआयडीसीत कॉइल वाइंडिंग मशीन, टेस्टिंग जिग, वायर हार्नेस असलं काही बनवणाऱ्यांमध्ये जर्मनीत म्युनिकला भरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाचा विषय निघाला, की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘स्टॉलचे आणि विमानाचे पैसे सरकार देतं म्हणे.’ देतं, खरं आहे. पण दिल्लीतली दोन वेगवेगळी खाती देतात आणि दोघांचे नियम एकमेकांत मिसळून गावभर फिरतात. मग एका योजनेची पात्रता दुसरीला लावून कुणी आशेवर राहतो, तर कुणी हक्काचे पैसे सोडून देतो.

पहिलं खातं वाणिज्य मंत्रालयाचं. त्यांच्या मदतीला जुने निर्यातदार अजून ‘एमएआय’ (मार्केट ॲक्सेस इनिशिएटिव्ह) या जुन्या योजनेच्या नावानेच ओळखतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्यात प्रोत्साहन मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत २५,०६० कोटी रुपयांचं. एमएआय त्यात सामावली गेली आणि प्रदर्शनांचा भाग ‘निर्यात दिशा’ या उपयोजनेकडे आला. दुसरं खातं एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाचं. त्यांची योजना आंतरराष्ट्रीय सहकार्याची, बोलताना ‘आयसी स्कीम’.

दोन्हींतला खरा फरक तुमच्याकडे बघण्याच्या नजरेत आहे. वाणिज्य मंत्रालयाच्या लेखी तुम्ही निर्यातदार. तिथे आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी कोड लागतो आणि आपल्या मालाच्या निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या सभासदत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे आरसीएमसी. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी ईएससी, मशिनरीवाल्यांसाठी ईईपीसी. एमएसएमई मंत्रालयाच्या लेखी तुम्ही लहान कारखानदार, म्हणून तिथे आधी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी असलेली नोंद बघतात.

उलाढालीचा आकडा आला की हा फरक चांगलाच बोचतो. समजा, मिरज एमआयडीसीतल्या एका युनिटची वर्षाची उलाढाल १४ कोटी आहे आणि त्यातले ६ कोटी निर्यातीचे. उद्यमची वर्गवारी करताना निर्यातीची उलाढाल वजा होते, म्हणजे हिशेबाला राहिले ८ कोटी. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा उलाढालीला १० कोटी आणि यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीला अडीच कोटी आहे. गुंतवणूक त्यात बसत असेल, तर एमएसएमई मंत्रालयाच्या दप्तरी हा माणूस सूक्ष्म उद्योजक. वाणिज्य मंत्रालय मात्र नेमकं ते वजा झालेले ६ कोटीच बघतं. ‘निर्यात दिशा’त विमानभाड्याची अंशतः मदत आहे ती आदल्या वर्षी ७५ लाखांपर्यंत निर्यात असणाऱ्यांना. त्यामुळे परिषदेच्या दालनात सवलतीच्या दरात जागा मिळेल, तिकीट मात्र स्वतःच्या खिशातून. एकच कारखाना एका टेबलावर सूक्ष्म आणि दुसऱ्या टेबलावर मदतीपलीकडचा मोठा! हे कळल्याशिवाय ‘त्याला मिळालं, मला का नाही’ ही तक्रार संपत नाही.

उलटं उदाहरण साताऱ्याकडचं घ्या. एक फिक्स्चर बनवणारा वर्षानुवर्षं पुण्याच्या कंपनीला माल देतो आणि ती कंपनी तो बाहेर पाठवते. शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टम्सच्या निर्यात कागदावर याचं नाव नाही, म्हणजे याची स्वतःची निर्यात शून्य. त्याने नाराज व्हायचं कारण नाही. आयईसी आणि आरसीएमसी काढली की ७५ लाखांच्या अटीत तो आरामात बसतो. शिवाय आयसीमध्ये पहिल्यांदाच निर्यात करणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी एक वेगळा भाग आहे. आरसीएमसीची फी, निर्यात विम्याचा हप्ता आणि चाचणी-प्रमाणपत्रांचा खर्च यांतली काही रक्कम त्यातून परत मिळते. स्टॉलच्या नादात या भागाकडे कुणी बघत नाही. माझ्या मते पहिलटकराला स्टॉलपेक्षा हाच जास्त कामाचा, कारण प्रमाणपत्र नसलेलं मशीन युरोपात दाखवता आलं तरी विकता येत नाही.

पैशाची वाट मात्र दोन्हीकडे सारखीच आडवळणाची. स्टॉल-तिकिटासाठी एकट्याने अर्ज करायची सोय नाही. निर्यात परिषद किंवा उद्योजकांची संघटना आधी प्रस्ताव पाठवते, तो मंजूर होतो आणि त्या गटातून तुम्ही जाता. आयोजकांच्या संकेतस्थळावर थेट स्टॉल बुक करून आलात, की दोन्ही दारं बंद. परतफेड असते तीही नंतर. युरो आधी तुमचेच जातात. एकच बिल दोन्हीकडे लावता येत नाही. बोर्डिंग पास फेकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

म्युनिकचंही एक सांगून टाकतो. तिथे ‘प्रॉडक्ट्रॉनिका’ विषम वर्षी भरतं आणि ‘इलेक्ट्रॉनिका’ सम वर्षी, दोन्ही नोव्हेंबरात. पहिलं इलेक्ट्रॉनिक्स बनवण्याच्या यंत्रांचं, दुसरं सुट्या भागांचं. वाइंडिंग मशीनवाल्याने अनुदान मिळतंय म्हणून सम वर्षी जाऊन कपॅसिटरवाल्यांच्या शेजारी उभं राहण्यात अर्थ नाही. नमुना मशीन नेऊन परत आणायचं असेल तर फिक्की या उद्योग महासंघाकडून एटीए कार्ने, म्हणजे माल ड्युटी न भरता तात्पुरता परदेशी नेण्याचा कागद काढायचा. तो कस्टम्ससाठी आहे, अनुदानाशी त्याचा संबंध नाही. आणि गिऱ्हाईक मिळालं म्हणून कार्नेवर नेलेलं मशीन तिथेच विकून टाकलंत, तर ड्युटीचा प्रश्न उभा राहतो.

कागदांत सगळ्यात जास्त घोळ आयईसीचा. तो दरवर्षी एप्रिल ते जून या काळात डीजीएफटीच्या (परदेशी व्यापार महासंचालनालयाच्या) पोर्टलवर अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. नाही केला तर तो निष्क्रिय होतो. उद्यम, आयईसी आणि आरसीएमसी या तिन्हींवर फर्मचं नाव आणि पत्ता अक्षरशः एकच हवा. प्लॉट बदलला आणि एका ठिकाणी जुनाच पत्ता राहिला, तर दावा तिथेच अडकतो.

आगाऊ रक्कम भरण्याआधी परिषदेला किंवा संघटनेला फोन करून तीन गोष्टी विचारा: प्रस्ताव कोणत्या मंत्रालयाकडे गेलाय, तो मंजूर झालाय की नुसता पाठवलाय, आणि मंजुरी आली नाही तर जागेचं पूर्ण भाडं कुणी भरायचं. उत्तर ईमेलवर मागून घ्या.