निवृत्त दोराचं पुढे काय करायचं?

चढाईतून बाद केलेला दोर सहसा तुटलेला नसतो. सावकाश ओढलं तर तो अजूनही भरपूर वजन पेलतो. झिजलेली असते ती त्याची ताणली जाण्याची ताकद. चढणारा निसटला की दोर ताणला जातो आणि पडण्याची ऊर्जा स्वतःत जिरवतो, म्हणून शरीराला बसणारा हिसका सोसवतो. एकेरी दोराच्या, म्हणजे एकटाच वापरायच्या दोराच्या, चाचणीत ८० किलोचं वजन पुन्हा पुन्हा पाडतात. दोराने किमान ५ वेळा तरी टिकायला हवं आणि पहिला हिसका १२ किलोन्यूटनच्या (किलोन्यूटन हे बलाचं एकक) आत राहायला हवा. प्रत्येक पडणं, ऊन आणि आवरणातून आत शिरलेली वाळू ही क्षमता थोडी थोडी कमी करतात. बॅटरीतल्या आम्लाने झालेली इजा तर डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणूनच अशा दोराची पायपुसणी विणा, पिशवीचे बंद करा, सामान बांधा. जिवाचा भार मात्र त्याच्यावर पुन्हा टाकू नका. कोणाला द्यायचाच असेल तर आधी त्याचे आखूड तुकडे करा. अखंड दोर कधी, कोणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. हार्नेसचे, म्हणजे चढणाऱ्याने कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या साजाचे, पट्टेही असेच कापून टाकावेत.

दोर नवा होऊ शकतो का? रसायनशास्त्र इथे आपल्या बाजूने आहे. चढाईचे बहुतेक दोर नायलॉन ६ चे असतात. कॅप्रोलॅक्टम या एकाच रेणूची साखळी म्हणजे नायलॉन ६. पुरेशी उष्णता आणि वाफ दिली की साखळी सुटते, कॅप्रोलॅक्टम परत मिळतं आणि त्यातून पुन्हा ताजं नायलॉन बनवता येतं. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते. अट एकच, माल शुद्ध हवा.

घोडं अडतं ते तिथेच. बारीक, हलक्या स्लिंग, म्हणजे चढाईत वापरायचे पट्ट्यांचे फास, बहुधा डायनीमाच्या, म्हणजे एका प्रकारच्या पॉलिएथिलीनच्या असतात. हा धागा रंग धरत नाही, म्हणून रंगासाठी त्यात नायलॉन विणतात. डायनीमा साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतं, नायलॉन ६ सुमारे २२० ला. एकदा एकत्र विणलेले हे धागे वेगळे करणं अवघड.

कॅराबिनरचं, म्हणजे दोर अडकवायच्या, उघडझाप होणारं फाटक असलेल्या धातूच्या कडीचं, काम सोपं आहे. जुनं ॲल्युमिनियम वितळवायला खनिजापासून नवं काढण्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. फक्त फाटकातली पोलादी स्प्रिंग आणि पिन आधी काढावी लागते.

चढाईच्या बुटांचं रबर मात्र वितळत नाही. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये शोधलेल्या प्रक्रियेत गंधक रबराच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकतो. नुसत्या उष्णतेने ती गाठ सुटत नाही, रबर जळतं. त्याचा भुगा करून दुसरीकडे वापरता येतो, पण त्याहून चांगला मार्ग म्हणजे वेळेवर नवा सोल बसवणं. बोटांवरून वर आलेल्या रबरी पट्टीला भोक पडण्याआधीच बूट दुरुस्तीला द्यावा. ती फाटली की काम वाढतं आणि बुटाचा आकारही पूर्वीसारखा राहत नाही.