कपाटातला खान्देश आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

चॅटजीपीटी हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर जगभरच्या ग्रंथपालांसमोर एक नवीच मागणी येऊ लागली. वाचक मोबाइलवर तयार यादी घेऊन येतो. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, साल सगळे अगदी व्यवस्थित असते, पण ते पुस्तक कधी छापलेच गेलेले नसते. मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या 'शिकागो सन-टाइम्स'ने उन्हाळी सुट्टीत वाचण्यासाठी १५ पुस्तकांची यादी दिली. त्यातली १० अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तके यंत्राने रचलेली. हे यंत्र साठवलेली नोंद काढून दाखवत नाही. एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे पाहत ते वाक्य रचत जाते. ज्या विषयावर भरपूर लिखाण महाजालावर आहे तिथे हा अंदाज बहुधा जमतो. जिथे लिखाण तुटपुंजे आहे तिथे तो तितक्याच ठामपणे चुकतो.

खान्देश हा दुसऱ्या प्रकारातला विषय आहे. इथले ज्ञान कमी आहे असे नाही. ते कपाटांत आहे, बाडांत आहे, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे आणि त्यातले फार थोडे यंत्रापर्यंत पोचले आहे. असे का झाले, हे समजायला थोडे मागे जावे लागते.

जळगावचे आजचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय, सगळे ज्याला व. वा. वाचनालय म्हणतात, ते १८७७ पासूनचे. तेव्हा जळगाव जिल्हा नव्हताच. अखंड खान्देश जिल्हा १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असा विभागला गेला आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्यांना जळगाव आणि धुळे ही नावे मिळाली. नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला. म्हणजे इथल्या वाचनालयाचे वय जिल्ह्यापेक्षा जास्त. सरकारने काही करण्याआधी गावातल्या वकील, शिक्षक, व्यापारी मंडळींनी वर्गणी काढून वाचनालये चालवली.

धुळ्यात तर संग्रहाचे वेडच होते. शंकर श्रीकृष्ण देव यांनी मठामठांतून हिंडून रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते गोळा केली. ती श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत आणि समर्थांच्या हस्ताक्षरातले म्हणून जपलेले वाल्मीकी रामायणही तिथेच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांनी खेड्यापाड्यांतून, कधी वाण्याच्या रद्दीतून वाचवलेले कागद सांभाळण्यासाठी पुढच्या काही दिवसांतच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांच्या देणगीतून १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर निघाले आणि देशभरचे अभ्यासक तिथे येऊन राहू लागले.

याच प्रदेशात बोललेले शब्द कागदावर उतरवून घेण्याची दोन मोठी कामे झाली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्या मंडळींनी टिपून ठेवल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या आणि कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. कुणी टिपल्या नसत्या तर आज जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे जे नाव आहे ते नाव कुणाला माहीत झाले असते? यंत्रालाही नाहीच.

मग गाडे अडले कुठे? मला वाटते, याचे उत्तर अनुदानाच्या रचनेत आहे.

मुंबई सरकारने १९३९ मध्ये फैजी समिती नेमली. तिने राज्यभर ग्रंथालयांचे जाळे सुचवले. पुढे महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये झाला आणि जिल्हा, तालुका, इतर आणि त्यांत अ, ब, क, ड अशी वर्गवारी आली. वर्ग ठरतो तो पुस्तकांच्या, सभासदांच्या, नियतकालिकांच्या संख्येवर. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा दाखल नोंदवही उघडली जाते, क्रमांक जुळवले जातात, पावत्या पाहिल्या जातात. या पद्धतीने हजारो गावांत पुस्तके पोचली, हे मोठे काम आहे. पण तिला मोजता येते ती फक्त संख्या. एखाद्या वाचनालयाने गावातल्या जुन्या मासिकांचे अंक स्कॅन केले, त्यांची नीट सूची केली, तर त्याचा वर्ग त्याने वाढत नाही.

२०१२ मध्ये महसूल खात्यामार्फत सगळ्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. अनुदान त्या वर्षी वाढले, पण नव्या मान्यता पुढे वर्षानुवर्षे अडकल्या. नंतरची वाढ थेट २०२२ च्या अखेरीस, ६० टक्क्यांची. २०२२ च्या त्या वाढीनंतरही 'ड' वर्गाच्या वाचनालयाच्या वाट्याला वर्षाला ४८ हजार रुपयेच आले. त्यातले निम्मे पगाराचे. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार. या माणसाकडून आपण डिजिटायझेशनची, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जाणकारीची अपेक्षा ठेवतो. हे अन्यायाचे आहे आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

संगणक आले तेव्हाही हेच घडले होते. एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-संस्थेचे ई-ग्रंथालय आणि न्यूझीलंडमध्ये घडलेले, सर्वांना मोफत असलेले कोहा ही ग्रंथालयाचा कारभार चालवणारी सॉफ्टवेअरे उपलब्ध होती. मोठ्या ग्रंथालयांनी ती घेतली. अनेक ठिकाणी मात्र सूची डीटीपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप झाली. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समान असलेली अक्षरांची पद्धत, नसलेल्या या याद्या दुसऱ्या संगणकावर उघडल्या की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. कष्ट झाले, पण शोधयंत्राला त्यातले अक्षरही वाचता येत नाही.

महाविद्यालयांची स्थिती बरी आहे. 'एक राष्ट्र, एक सदस्यता' या योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये ६,००० कोटी रुपयांची मंजुरी दिली आणि सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० संशोधनपत्रिका मिळण्याची सोय झाली. त्या पत्रिका मुख्यतः परदेशी प्रकाशकांच्या. तापीकाठच्या केळीच्या बागांवर किंवा सातपुड्यातल्या पावऱ्यांच्या गाण्यांवर काही हवे असेल तर पुन्हा कपाटाकडेच वळावे लागते. इकडे गावातल्या वाचनालयांचे आजचे खरे वाचक म्हणजे तलाठी भरती, पोलीस भरती, एमपीएससीची तयारी करणारी मुले. अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून ती सकाळी लवकर येतात आणि प्रश्नांची उत्तरे मोबाइलवर यंत्राला विचारतात. ग्रंथपालाचे नवे काम इथे सुरू होते: उत्तर आले, आता ते मूळ कायद्यात, गॅझेटमध्ये, पुस्तकात कुठे आहे ते दाखव. ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, इफ्लाने, २०२० मध्येच कृत्रिम बुद्धिमत्तेवर निवेदन काढून वाचकांना अशी पारख शिकवणे हे ग्रंथालयाचे काम मानले होते.

यंत्राचा उपयोग नाही असे मात्र मुळीच नाही. मोडी हे त्याचे सर्वांत चांगले उदाहरण. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि तिला लटकवून अक्षरे लिहीत जातात. शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, हात उचलायचा नाही. राजवाड्यांच्या पिढीला हे रोजचे होते. गेल्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून गेली आणि वाचणारे कमी होत गेले. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी मोडी पानाच्या प्रतिमेवरून थेट देवनागरी मजकूर काढणारे प्रारूप मांडले. त्यासाठी त्यांनी जाणकारांनी तपासलेल्या लिप्यंतरासह दोन हजारांहून अधिक प्रतिमांचा संच केला.

रुमाल, म्हणजे जुन्या कागदांचे कापडी गाठोडे, सोडून एखादा कागद समोर घ्या म्हणजे यातली मेख कळते. वर 'मौजे' आणि गावाचे नाव, पुढे अरबी संख्याशब्दांत सन: 'खमस', 'सीत', 'सबा'. हे शुहूर सन. इसवी सन काढायचा तर त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, महिना पाहून. यंत्राने अक्षरे बरोबर लावली तरी हा हिशेब आणि त्याच नावाची दोन गावे असतील तर त्यांतले नेमके कोणते, हे परगणा माहीत असलेला माणूसच ठरवतो. यंत्राने पहिला खर्डा काढावा, जाणत्याने तो दुरुस्त करावा आणि दुरुस्त प्रत यंत्राला परत शिकवायला द्यावी, अशी ही जोडी आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जून २०२५ मध्ये स्वामित्वहक्क संपलेली सुमारे १० लाख पुस्तके अशा प्रशिक्षणासाठी खुली केली. त्या ढिगात खान्देशची पाने किती असणार?

अहिराणीचा प्रश्न याहून नाजूक आहे. २०११ च्या जनगणनेत अहिराणी जिच्यात मोजली जाते त्या 'खानदेशी' या नोंदीखाली १८ लाख ६० हजार भाषक आहेत. ग्रियर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीची वेगळी दखल १९०७ मध्येच घेतली होती. पण ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि केंद्राच्या 'भाषिणी' या यंत्र-भाषांतराच्या उपक्रमाची मुख्य रचना अनुसूचीतल्या २२ भाषांभोवती आहे. भिली, पावरी, मावची यांचीही तीच गत. लेवा गणबोलीला बहिणाबाईंमुळे निदान छापील आधार तरी आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. तो सोहळा पार पडला; आता ज्या कामाला फार पैसा लागत नाही ते वाचनालयांनी हाती घ्यावे. जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी, शेतकऱ्याच्या तोंडची म्हण मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. सोबत गाव, तारीख, गाणारीचे नाव आणि तिची लेखी संमती ठेवावी, कारण हा मजकूर उद्या कुठल्या यंत्राच्या पोटात जाईल हे तिला आधी सांगितले पाहिजे. मजकूर युनिकोडमध्ये उतरवावा आणि दाखल नोंदवहीत पुस्तकासारखाच क्रमांक द्यावा. सरकारने त्या क्रमांकाला तपासणीत पुस्तकाइतकेच गुण द्यावेत. वर्गवारीच्या नियमात एवढी एक ओळ वाढली, तर 'ड' वर्गाच्या वाचनालयालाही हे काम परवडेल.