वेकोलि : विदर्भातील कोळशाचा अर्थकारणातील व रोजगारातील वाटा

कोल इंडिया या सार्वजनिक कंपनीची नागपूरस्थित उपकंपनी. पूर्ण नाव वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड. विदर्भात बोलताना आणि बातम्यांत ‘वेकोलि’. मुख्यालय सिव्हिल लाइन्समधील कोल इस्टेट. बिगर-कोकिंग (पोलादाच्या भट्टीऐवजी मुख्यतः विजेसाठी लागणाऱ्या) कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले. १ नोव्हेंबर १९७५ रोजी कोल इंडिया स्थापन झाली आणि पश्चिमेकडच्या खाणी या कंपनीकडे आल्या. आता छत्तीसगडमध्ये असलेले कोरबा क्षेत्रही तेव्हा तिच्याकडेच होते. १९८५-८६ मध्ये बिलासपूरला साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्स ही वेगळी कंपनी निघाली आणि जाड थरांचा, स्वस्तात निघणारा कोळसा तिकडे गेला. मागे उरल्या त्या नागपूर, चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा व बैतूल जिल्ह्यांतील खाणी. वेकोलिचा ताळेबंद वाचताना ही वाटणी लक्षात ठेवावी लागते, नाहीतर काही वर्षांच्या तोट्याचे खापर केवळ कारभारावर फुटते.

२०१५-१६ मध्ये कंपनीने सुमारे ४.५ कोटी टन कोळसा काढला, २०२३-२४ मध्ये सुमारे ६.९ कोटी टन. त्या वर्षी कोल इंडियाचे एकूण उत्पादन ७७ कोटी टनांच्या घरात होते. म्हणजे वाटा नऊ टक्क्यांच्या आसपास.

महाग कोळसा, पण जवळचा

वर्धा खोरे, कामठी आणि उमरेड ही विदर्भातील मुख्य कोळसाक्षेत्रे. कोळसा गोंडवन काळातला, बराकर नावाच्या खडकांच्या थरांतला. त्याच्यावर वालुकाश्म आणि सर्वांत वर काळी कापसाची माती. एक टन कोळसा उघडा पाडायला येथे साधारण पाच घनमीटर किंवा त्याहून जास्त माती-दगड (खाणीच्या भाषेत ‘ओबी’) उचलावा लागतो. कोल इंडियाची सरासरी अडीच घनमीटरच्या आसपास आहे. डिझेल, स्फोटके, डंपरचे टायर यांचा खर्च कोळशाइतकाच ओबीवरही होतो, आणि ओबी कोणी विकत घेत नाही.

तरीही हा कोळसा परवडतो, कारण तो चुलीशेजारी आहे. कामठी क्षेत्रातल्या खाणींपासून कोराडी आणि खापरखेडा ही महानिर्मितीची (राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीची) औष्णिक केंद्रे हाकेच्या अंतरावर आहेत; खापरखेड्याची क्षमता १,३४० मेगावॉट, तर कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन संच आहेत. चंद्रपूरचे २,९२० मेगावॉटचे केंद्र खाणींच्या मधोमधच उभे आहे. मौद्याला एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीचे २,३२० मेगावॉटचे केंद्र आहे. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर १.२ कोटी युनिट वीज होते. युनिटमागे सुमारे ६५० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला ७,८०० टन लागतात. एका मालगाडीत, म्हणजे ५८-५९ वाघिणींच्या रेकमध्ये, सुमारे ४,००० टन मावतात. तेव्हा एका संचाला रोज दोन रेक. हेच रेक ओडिशातून आणायचे तर वाहतुकीचा खर्च कोळशाच्या किमतीला भिडू शकतो. खाणीलगतच्या केंद्राला ट्रक किंवा कन्व्हेयर पट्टा पुरतो. वेकोलिची देशाच्या अर्थव्यवस्थेतली खरी भर या वाचलेल्या भाड्यात आहे, आणि ती कंपनीच्या नफ्यात कुठेही दिसत नाही.

एका टनावरचा कर

समजा, एका टनाची मूळ किंमत २,००० रुपये आहे. त्यावर १४ टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) म्हणजे २८० रुपये राज्य सरकारला. या स्वामित्वधनाच्या ३० टक्के, म्हणजे ८४ रुपये, जिल्हा खनिज प्रतिष्ठानला. ३ टक्के, म्हणजे ८ रुपये ४० पैसे, खनिजांच्या शोधासाठीच्या राष्ट्रीय न्यासाला. बेरीज २,३७२ रुपये ४० पैसे. तिच्यावर १८ टक्के जीएसटी ४२७ रुपये ३ पैसे. (भराई, गाळणी वगैरे आकार वेगळे.)

२२ सप्टेंबर २०२५ पूर्वी जीएसटी ५ टक्के होता, पण शिवाय टनामागे सरसकट ४०० रुपये भरपाई उपकर होता. वरच्या उदाहरणात तो हिशेब ५१८ रुपये ६२ पैसे होतो. सरसकट उपकराचा भार हलक्या कोळशावर जास्त पडे. तो गेल्याने करपात्र किंमत साधारण ३,०७७ रुपयांच्या खाली असलेला कोळसा स्वस्त झाला आणि त्यावरचा महागला. वीज जीएसटीबाहेर असल्याने वीजकेंद्राला या कराची वजावट मिळत नाही. तो विजेच्या दरात मुरतो आणि शेवटी ग्राहकाच्या बिलात उतरतो.

प्रतिष्ठानची रक्कम त्याच जिल्ह्यात, खाणबाधित गावांचे पाणी, आरोग्य, शिक्षण यांवर आधी खर्चायची असते. २०१५ पासूनच्या या तरतुदीने चंद्रपूरसारख्या जिल्ह्याच्या हाती मोठा निधी आला. रस्ते आणि इमारतींकडे तो लवकर वळतो, कारण ती कामे डोळ्यांना दिसतात.

प्रत आणि पैसा

२०१२ पासून कोळशाची प्रत उष्मांकावर ठरते : जी-१ ते जी-१७. वेकोलिचा बराचसा कोळसा जी-८ ते जी-११ मधला. जी-१० म्हणजे किलोमागे ४,३०१ ते ४,६०० किलोकॅलरी. थरांमधले शेलचे (चिखलापासून बनलेल्या दगडाचे) पट्टे कोळशाबरोबर उचलले गेले की प्रत एक-दोन पायऱ्यांनी घसरते. नमुना त्रयस्थ संस्था घेते आणि प्रत घसरलेली निघाली की कंपनीला फरक परत द्यावा लागतो. पावसाळ्यात भांडणाचे दुसरे कारण तयार होते. किंमत ठरवताना ओलावा प्रयोगशाळेतल्या ठरावीक स्थितीत मोजतात, वीजकेंद्राच्या हॉपरमध्ये (कोळसा ओतायच्या नरसाळ्यात) मात्र चिंब कोळसा पडतो. तो चिकटतो, चक्कीत धड दळला जात नाही आणि संच कमी भाराने चालवावा लागतो.

उत्पादनाचा मोठा शत्रूही पाऊसच. काळ्या मातीवर ओबीचा ढिगारा रचला आणि तळाशी पाणी मुरले की माती साबणासारखी होते. ढिगारा वरून नव्हे, पायातून सरकतो. म्हणून ढिगाऱ्याच्या जागेवरची काळी माती आधी खरवडून वेगळी ठेवायची, भोवती चर काढायचे, खाणीच्या तळाशी पंप जूनपूर्वीच बसवायचे. उन्हाळ्यात उलटे : पारा ४५ अंशांवर गेला की साठ्यातला कोळसा आपोआप तापून धुमसतो. ढीग उंच ठेवू नये, रोलरने दाबावा, जुना माल आधी उचलावा.

जमिनीच्या बदल्यात नोकरी

येथील गावांत वेकोलि म्हणजे प्रथम नोकरी. संपादन कोळसाधारक क्षेत्र कायदा, १९५७ खाली होते. कलम ४ : पूर्वेक्षणाची (जमिनीखाली कोळसा आहे का हे तपासण्याची) सूचना. कलम ७ : संपादनाचा इरादा; त्यानंतर ३० दिवसांत कलम ८ खाली हरकत घेता येते. कलम ९ : संपादनाची घोषणा. कलम १० : जमीन केंद्र सरकारकडे. कलम ११ : कंपनीकडे. मोबदला आता २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या सूत्राने मिळतो. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी. त्याहून कमी जमीन असलेले एकत्र येऊन एक नाव देऊ शकतात किंवा नोकरीऐवजी एकरकमी रक्कम घेऊ शकतात.

प्रकरणे अडतात ती बहुधा कागदांवर. सातबाऱ्यावर आजोबाचेच नाव, वारसनोंद नाही, फेरफार अर्धवट, जमीन वर्ग-२ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी). तेवढे जुळले तरी नोकरी कोणाच्या नावाने, थोरल्याच्या की धाकट्याच्या, यावर घरात एकमत होत नाही आणि फाइल वर्षानुवर्षे पडून राहते. कलम ४ ची सूचना निघाल्याबरोबर वारसनोंद करून घेणे हाच यावरचा उपाय. कलम ९ नंतर धावाधाव करून उपयोग थोडा. नाव मंजूर झाले की वैद्यकीय तपासणी, मग १९६६ च्या नियमांनुसार व्यावसायिक प्रशिक्षण, आणि नेमणूक बहुतेक जनरल मजदूर, कॅटेगरी-१ वर.

कायम कामगाराचे वेतन राष्ट्रीय कोळसा वेतन करारानुसार ठरते. अकरावा करार मे २०२३ मध्ये झाला आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाला. किमान हमी वाढ १९ टक्के. घर, दवाखाना, भविष्य निर्वाह निधी धरता घुग्घुस, वणी, उमरेड, बल्लारपूरच्या बाजारात या पगाराची जागा कापसाच्या पैशानंतर लगेच येते. हप्त्यावर मोटारसायकल विकणारा गिऱ्हाइकाचा खाण क्रमांक विचारतो ते उगाच नाही.

पण उत्पादन वाढत असतानाच कायम कामगार घटत गेले आहेत. माणसे जास्त लागतात भूमिगत खाणीला, आणि एकूण उत्पादनात तिचा वाटा आता दहा टक्क्यांच्याही खाली आहे. उघड्या खाणीत ओबीचे बरेचसे काम कंत्राटदारांचे डंपर-शावेल करतात. त्यांच्या कामगारांसाठी कोल इंडियाने उच्चाधिकार समितीचे वेगळे, किमान वेतनाहून वरचे दर ठरवले आहेत. ते मिळतात की नाही हे पाहायला तीन गोष्टी पुरतात : बँकेत जमा झालेली रक्कम, वेतनचिठ्ठीवरचा दर्जा (कुशल, अर्धकुशल, अकुशल) आणि कोळसा खाण भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. चालक कुशल असून अकुशल दाखवला जाणे ही नेहमीची पळवाट.

कंत्राटी नोकरी खाणीबरोबर संपते. खाण बंद झाली की कायम कामगाराची दुसऱ्या क्षेत्रात बदली होते. ट्रकवाले, टायरपंक्चरवाले, वजनकाट्याजवळचे चहावाले जागच्या जागी राहतात. खाण बंद करण्याच्या योजनेसाठी कंपनीला एस्क्रो (ठरलेल्या कामासाठीच राखून ठेवलेल्या) खात्यात दरवर्षी पैसे ठेवावे लागतात. त्यांतून खड्डा भरणे, उतार बसवणे, वरची माती पसरून झाडे लावणे ही कामे होतात. नागपूरलगत आणखी दोन गोष्टींना गिऱ्हाईक मिळाले आहे : ओबीतून वेगळी काढलेली वाळू बांधकामाला जाते आणि खाणीतून उपसलेले पाणी वीजकेंद्राला.