स्वार उतरला, तरी स्कूटर का थांबत नाही?

रिकाम्या कॉरिडॉरमधून दोन चाकांची सेल्फ-बॅलन्सिंग स्कूटर एकटीच निघालेली असते. वर कोणी उभं नाही, हँडल कोणी धरलेलं नाही, तरी ताठ उभी राहून ती वेग घेत जाते आणि शेवटी भिंतीवर आदळते. अशा चित्रफिती मोबाइलवर अधूनमधून येतात. खाली कोणी 'अदृश्य शक्ती' लिहितो, कोणी 'एआय बिघडलं' म्हणतो. दोन्ही चूक. त्या स्कूटरमध्ये भूत नसतं आणि बहुतेक वेळा बिघाडही नसतो. पडायचं नाही, एवढं एकच काम तिला दिलेलं असतं आणि ते ती चोख करत असते. 'थांबणं' ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती तिला मुद्दाम शिकवावी लागते.

आणखी एक गैरसमज आधी दूर करायला हवा. 'यात जायरो असतो, तो गाडीला उभं धरतो' असं दुकानदारही बिनधास्त सांगतात. भोवऱ्यासारखं गरगर फिरणारं जड चाक आत कुठेही नसतं. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी ३ डिसेंबर २००१ रोजी जगापुढे आणलेल्या सेगवे या अशाच स्कूटरमध्ये पाच जायरो होते, पण ते सगळे सिलिकॉनचे चिमुकले सेन्सर. प्रत्येकात एक बारीक कडी सतत कंप पावत असते. यंत्र कलू लागलं की त्या कंपनाची ठेवण किंचित सरकते, आणि त्यावरून कलण्याचा वेग कळतो. म्हणजे जायरो फक्त बातमी देतो. तोल सांभाळतात त्या मोटरी, सेकंदाला सुमारे शंभर वेळा हिशेब करून.

त्या कशा सांभाळतात हे पाहायला लांब दांड्याचा झाडू उलटा करून तळहातावर उभा करा. झाडू पुढे कलला की हात पुढे न्यावा लागतो, म्हणजे आधार पुन्हा वजनाखाली येतो. स्कूटरची चाकं म्हणजे हा तळहात. आता त्याच झाडूवर एक प्रयोग करा. नजर झाडूच्या टोकावर खिळवा, हात कुठे चाललाय तिकडे लक्षच देऊ नका. झाडू पडणार नाही, पण थोड्याच वेळात तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेले असाल. झाडूने तुम्हाला ओढून नेलं, तेही न पडता.

स्कूटरचं नेमकं हेच होतं. कारण 'फळी सपाट असणं' आणि 'तोल साधलेला असणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेन्सरला फळीचा कल कळतो. गुरुत्वमध्य चाकांच्या आसाच्या बरोबर वर आहे की दोन बोटं पुढे, हे कळत नाही. गुरुत्वमध्य पुढे असताना फळी सपाट ठेवायची, तर एकच मार्ग उरतो: पुढे धावत राहायचं, आणि नुसतं धावून भागत नाही, वेग सतत वाढवत न्यायचा. स्वार याच गोष्टीचा उपयोग करतो. तो पुढे झुकतो, वजन पुढे जातं, गाडी धावते. पण स्वार उतरला आणि हँडलला पिशवी अडकवलेली राहिली, तर त्या गाडीच्या लेखी पिशवीचं वजन आणि माणसाचं झुकणं यांत काडीचा फरक नाही. ती आज्ञाधारकपणे निघते.

पिशवी नसली तरी सुटका नाही. समजा सेन्सरची 'सपाट'ची कल्पना अर्ध्या अंशाने चुकीची आहे. अर्धा अंश डोळ्याला दिसतही नाही. पण तेवढ्या कलाला गुरुत्वत्वरण गुणिले टॅन अर्धा अंश, म्हणजे ढोबळमानाने ०.०८६ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढं त्वरण लागू होतं. दहा सेकंदांत गाडी चार मीटर सरकते. वीस सेकंदांत सतरा मीटर, आणि तोवर वेग ताशी सहा किलोमीटरवर गेलेला असतो, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतका. स्वार वर असताना ही चूक कधी जाणवत नाही, कारण त्याचं शरीर नकळत तेवढं मागे रेलतं. खरं तर या यंत्राचा अर्धा मेंदू वर उभ्या माणसात असतो, आणि माणूस उतरला की तो अर्धा मेंदू त्याच्याबरोबर निघून जातो.

मग बिनास्वाराच्या गाडीला जागेवर उभं कसं करायचं? 'ब्रेक लावा' हे उत्तर इथे चालत नाही. चाकं जखडली की तळहात जखडला; झाडू पडणारच. त्यासाठी दुसरा हिशेब लागतो. चाकं किती फिरली हे मोजायचं आणि गाडी मूळ जागेपासून किती दूर, किती वेगाने गेली ते सतत काढायचं. आणि इथे मला या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट भेटते. पुढे जाणारी गाडी थांबवायची असेल, तर चाकांना आधी आणखी जोरात पुढे पळावं लागतं.

हे उलटं वाटतं, पण पुन्हा झाडू हातात घ्या. तुम्ही झाडूसकट पुढे चालला आहात आणि थांबायचंय. हात एकदम मागे ओढलात तर झाडू पुढे कोसळेल. म्हणून हात आधी झटकन पुढे काढायचा, वजनाच्याही पुढे. मग झाडू तुमच्याकडे कलतो, आणि आता हात मागे घेता येतो. स्कूटरलाही तेच करावं लागतं: क्षणभर वेग वाढवून चाकं वजनाच्या पुढे काढायची, त्यातून मागे कल मिळवायचा, आणि त्या कलाच्या जोरावर वेग उतरवायचा. सेगवेवर वेगमर्यादा ओलांडली की हँडल स्वाराच्या छातीकडे येऊन त्याला मागे रेलायला लावत असे, ते याच युक्तीने. म्हणून दोन हिशेबांची वीण अशी घालतात: जागेचा हिशेब मोटरला थेट हुकूम देत नाही. तो कलाच्या हिशेबाला एवढंच सांगतो की 'सपाट'ऐवजी एक अंश मागचा कल धर. आणि हे सांगणंही सावकाश व्हावं लागतं. दोन्ही हिशेब सारख्याच घाईचे झाले तर एकमेकांना चुका दुरुस्त करू देत नाहीत. गाडी पुढे-मागे डुलत जाते, डुलणं वाढत जातं आणि ती आडवी होते.

शिवाय गाडीचं वजनही बदललेलं असतं. सेगवेचं आय-टू मॉडेल सुमारे ४७ किलोचं. त्यावर उभा माणूस त्याच्या दुपटीहून जड असू शकतो. तो उतरला की मोटरचे तेच झटके हलक्या गाडीला फार होतात आणि ती थरथरते. म्हणून बिनास्वाराची गाडी सांभाळायला मोटरचे हुकूम सौम्य करावे लागतात. पण त्यासाठी मुळात स्वार उतरला आहे हे गाडीला कळायला हवं.

हॉवरबोर्ड, म्हणजे हँडल नसलेली अशीच दोनचाकी फळी. तिची पाय ठेवायची रबरी गादी उचलून पाहा. खाली दोन बारीक खाचा दिसतात. प्रत्येक खाचेत एका बाजूला प्रकाश सोडणारा दिवा आणि समोर तो टिपणारा सेन्सर. गादीच्या पोटाला रबराची दोन छोटी जिभं असतात. पाय पडला की जीभ खाचेत उतरते आणि प्रकाश अडतो: 'स्वार आहे'. पाय उचलला की रबर वर येतं, प्रकाश पोचतो, मोटर बंद. एवढी साधी रचना. मी उघडलेल्या एका बोर्डात गादीच्या कडेला वाळू साचून जीभ खालीच अडकली होती. पाय काढला तरी ती बाजू स्वार आहे असंच समजत होती आणि बोर्ड जागच्या जागी गरगरत होता. तो नडगीवर बसला तेव्हा कारण शोधायला मी गादी उचलली. वाळू झाडली, गादी पुसली, बोर्ड गप्प.

पण सेन्सर चांगला असला तरी त्याचं म्हणणं लगेच ऐकायचं नसतं. सेगवेचा कमाल वेग ताशी २० किलोमीटर. खड्ड्यावरून जाताना पाय क्षणभर सुटले आणि तेवढ्यात गाडीने 'स्वार गेला' म्हणून हुकूम बदलले, तर चांगला उभा असलेला माणूस तोंडावर पडेल. उतरणं-चढणं ओळखण्यातली चूक किती महाग पडते हे सप्टेंबर २००६मध्ये दिसलं. तोवर विकल्या गेलेल्या सुमारे २३,५०० सेगवे परत मागवल्या गेल्या. वेगमर्यादेमुळे हँडल मागे येत असताना स्वार उतरून लगेच पुन्हा चढला, तर चाकं अचानक उलट जोर लावू शकत होती. एकही सुटा भाग बदलावा लागला नाही, सॉफ्टवेअर बदललं.

म्हणून माझं मत असं: कमी वेगात पायाखालच्या सेन्सरवर विसंबावं, जास्त वेगात नाही. जास्त वेगासाठी मोटारबोटीवर असते तशी मनगटाला बांधायची, सुटली की इंजिन बंद करणारी दोरी हवी. माणूस खरोखर फेकला गेला तरच ती सुटते, खड्ड्याने सुटत नाही. आणि दोरी सुटली तरी वीज एकदम तोडू नये. ताशी २० किलोमीटरवरून दर सेकंदाला एक मीटर प्रति सेकंद या दराने वेग उतरवला तर गाडी साधारण पंधरा-सोळा मीटरमध्ये थांबते, उभी राहूनच. मग तिला हळूच एका बाजूला टेकवून मोटर बंद करावी. मध्येच वीज तोडली तर तेच हँडल समोरच्याच्या गुडघ्यावर येतं.

विजेवर चालणाऱ्या एकचाकीची गोष्ट वेगळी. ती हातात उचलली तर चाकाला जमीनच लागत नाही, कितीही फिरलं तरी कल दुरुस्त होत नाही, म्हणून ते पूर्ण वेगाने गरगरू लागतं. त्यामुळे अनेक एकचाक्यांच्या मुठीखाली मोटर तोडणारं बटण असतं. मूठ धरली की ते आपोआप दाबलं जातं.

मोटर बंद झाल्यावर उतार उरतो. काही यंत्रं बंद होताना मोटरच्या तारा आपसात जोडतात. मग चाक फिरू लागलं की मोटर जनित्र होऊन त्याला विरोध करते. पण हा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो. वेग शून्य तर विरोधही शून्य. त्यामुळे अशी गाडी उतारावर धावत सुटत नाही, पण मुंगीच्या गतीने सरकत राहते, आणि तासाभराने भलतीकडेच सापडते. यांत्रिक ब्रेक नसेल तर तिला उताराला आडवी उभी करायची, म्हणजे दोन्ही चाकं एकाच उंचीवर येतात, आणि हँडल भिंतीला टेकवायचं. वीज बंद होईपर्यंत मात्र हँडल सोडायचं नाही.