औषध कुठून आत जातं आणि कुठे लागतं: झुरळ, डास, ढेकूण, वाळवी

नागपुरातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"जेल लावून पंधरा दिवस झाले, आता बारकी झुरळं दिसतात." "फवारल्यावर उलटं पडलेलं झुरळ सकाळी जागेवरच नव्हतं." या दोन्ही तक्रारींचं उत्तर किड्याच्या शरीररचनेत आहे. किड्यांच्या बंदोबस्ताला येणारा आमचा माणूस काही गोष्टी करायला सांगतो, काही करू नका म्हणतो. त्यामागचं कारण इथे लिहिलं आहे.

झुरळाच्या आत

किड्याला हाडं नसतात. बाहेरचं कायटिनचं कवच हाच त्याचा सांगाडा आणि त्यावर मेणाचा पातळ थर, अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून. श्वास नाकातोंडाने चालत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासरंध्रांच्या 10 जोड्या असतात, 2 छातीवर आणि 8 पोटावर. तिथून निघणाऱ्या नळ्या बारीक होत होत थेट पेशींपर्यंत हवा पोचवतात. प्राणवायू वाहून नेणं रक्ताकडे नसल्यामुळे त्यात हिमोग्लोबिन नाही आणि लाल रंगही नाही. पाठीलगत 13 कप्प्यांचं लांबट हृदय असतं. ते रक्त पुढे ढकलतं आणि पुढे ते मोकळ्या पोकळीतून सगळ्या अवयवांभोवती फिरतं. त्यामुळे कवचातून किंवा आतड्यातून शिरलेलं औषध रक्तासोबत अंगभर पोचतं.

मज्जारज्जू माणसाच्या उलट, पोटाच्या बाजूने जातो. मेंदू डोक्यात असला तरी छातीत 3 आणि पोटात 6 गुच्छिका, म्हणजे मज्जापेशींचे गट, आपापला भाग सांभाळतात. डोकं तुटलेलं झुरळ काही दिवस हलतं ते यामुळेच.

बाजारातले बहुतेक स्प्रे पायरेथ्रॉइड गटातले असतात. ते मज्जातंतूंमधली सोडियमची दारं बंद होऊ देत नाहीत, म्हणून झुरळ उलटं पडून पाय झाडत राहतं. पण मात्रा कमी पडली तर त्याच्या आतड्यातले आणि मेदपिंडातले एन्झाइम ते विष मोडून टाकतात आणि काही तासांत झुरळ उठून चालू लागतं. तेव्हा उलटं पडलेलं झुरळ लगेच झाडून कचऱ्यात टाका, सकाळपर्यंत ठेवू नका.

जेलचा मार्ग वेगळा, तोंडातून. खाल्लेलं आधी अन्नपुटात साठतं, मग पेषणीतले 6 कडक दात ते दळतात आणि पुढे मध्यांत्रात, म्हणजे आतड्याच्या मधल्या भागात, ते शोषलं जातं. फिप्रोनिलच्या जेलमध्ये औषध फक्त 0.05 टक्के असतं. ते मज्जातंतूंचा ब्रेक निकामी करतं, पण सावकाश, आणि हा सावकाशपणा आम्हाला हवाच असतो. झुरळ बिळात परत जातं, तिथे विष्ठा टाकतं, मरतं. पिल्लं ती विष्ठा आणि मेलेलं झुरळ दोन्ही खातात, आणि बाहेर कधीच न आलेल्यांपर्यंत औषध पोचतं.

म्हणून जेलशेजारी स्प्रे मारू नका, ही आमची एकमेव ठाम अट. पायरेथ्रॉइडचा वास मिशांना लागला की झुरळ त्या कोपऱ्याकडे फिरकत नाही. बिजागरीजवळ, सिंकखाली, फ्रिजच्या मोटरमागे आम्ही मसुराएवढे ठिपके लावतो. तिथे फिनाइलचं फडकं फिरवू नका. ओट्याचा तेलकटपणा मात्र आधी पुसा; चिकट थरावर जेल टिकत नाही आणि खायला दुसरं असलं की झुरळ जेलकडे वळत नाही. तीन दिवसांत ठिपके तसेच राहिले तर कळवा. जर्मन झुरळ म्हणजे स्वयंपाकघरातली लहान, फिकट तपकिरी जात; त्यातल्या काहींना जेलमधला ग्लुकोज कडू लागतो आणि ती तो टाळतात. या टाळण्याची पहिली नोंद 1993 मध्ये अमेरिकेत झाली. अशा घरात आम्ही जेलचा प्रकार बदलतो.

आता ती बारकी झुरळं. जर्मन झुरळाची मादी 30 ते 40 अंड्यांची डबी पोटाच्या टोकाला धरून फिरते आणि पिल्लं निघायच्या जेमतेम आधी सोडते. डबीच्या भिंतीतून औषध आत जात नाही. म्हणून तीन-चार आठवड्यांनी दुसरी फेरी असते, ती रद्द करू नका. गटारातून येणारं मोठं, तांबूस झुरळ डबी आडोशाला चिकटवून निघून जातं. चेंबरची झाकणं आणि मोरीच्या जाळ्या नीट बसवल्या नाहीत तर त्याच्यावर जेलचा खर्च वायाच.

आणि पाणी. आतड्याच्या शेवटच्या भागात झुरळ विष्ठेतलं पाणी परत शोषून घेतं, तरी पाण्याशिवाय ते दोन आठवड्यांच्या आसपासच तग धरतं. नुसत्या पाण्यावर उपाशी मात्र महिनाभर काढतं. सिंकखालचा ठिबकणारा नळ आधी दुरुस्त करून घ्या.

कूलरमधल्या अळ्या

नागपुरात पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहतं. एडिस जातीच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओल्या भिंतीवर अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून देऊन भागत नाही; आठवड्यातून एकदा ब्रशने टाकीच्या भिंती घासा आणि टाकी सुकू द्या. उन्हाळ्यात अंड्यापासून डास व्हायला 7 ते 10 दिवस पुरतात, म्हणून आठवडा.

एडिसची अळी शेपटाकडच्या नळीतून हवा घेते. साठवलेल्या ड्रमवर तेलाचा तवंग टाकला की ही नळी बंद होऊन ती गुदमरते. चालू कूलरमध्ये पंप तवंग फोडतो, तिथे हा उपाय करू नका. आम्ही टाकतो ती बीटीआय पावडर, म्हणजे जीवाणूंचे प्रथिनस्फटिक. अळीच्या क्षारयुक्त मध्यांत्रात ते विरघळतात आणि आतड्याच्या पेशी फुटतात. माणसाच्या पोटात आम्ल असल्यामुळे तसं होत नाही. यातली अडचण एकच: स्वल्पविरामासारखा वळलेला कोष काही खातच नाही, त्याच्यावर बीटीआय चालत नाही. पाण्यात कोष दिसले तर पाणी सरळ मातीवर ओता.

ढेकूण

"झुरळांसारखं जेल लावून द्या" असं बरेच जण म्हणतात. ढेकणाचं तोंड सुईसारखं, तो फक्त रक्त ओढतो. जेल चाटणार कुठून? इथे फवाराच लागतो आणि तोही अंगाला भिडला पाहिजे, म्हणून पलंग मोकळा करून सांधे उघडे ठेवा. अंडी फवाऱ्याने मरतीलच असं नाही. दुसरी फवारणी 10 ते 14 दिवसांनी.

वाळवी, म्हणजे उधळी

कामकरी वाळवीचं कवच इतकं पातळ की उघड्यावर ती सुकून मरते. मातीच्या बोगद्यांचं कारण हेच. काही जातींच्या आतड्यात लाकूड पचवणारे सूक्ष्मजीव राहतात. कात टाकताना आतड्याचं अस्तर गळतं, त्यासोबत तेही जातात, आणि मग ती वाळवी दुसरीच्या मागच्या टोकाकडून ते परत घेते. मातीची वारुळं बांधणाऱ्या जाती घरट्यात बुरशी पिकवून खातात. दोन्हींत अन्न एकीकडून दुसरीकडे सतत जातं, आणि वास न येणारं, सावकाश काम करणारं औषध त्याच वाटेने घरट्यात शिरतं. 30.5 टक्के इमिडाक्लोप्रिड आम्ही लिटरमागे 2.1 मिली घेतो. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर 300 मिमी अंतराने 12 मिमीची छिद्रं पाडून माती घेईल तेवढं, जास्तीत जास्त एक लिटर, प्रत्येक छिद्रात सोडतो आणि छिद्रं सिमेंटने बुजवतो.

आम्ही येण्याआधी चौकटीवर रॉकेल ओतू नका आणि बोगदे खरवडू नका. रॉकेलने समोरच्या काही मरतात, बाकीच्या ती वाट सोडून दुसरीकडून लाकडात शिरतात, आणि आम्हाला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

फवारणीच्या दिवशी माशांची टाकी झाकून तिचा हवेचा पंप बंद ठेवा. पायरेथ्रॉइड माशांच्या मज्जातंतूंवरही तसंच चालतं, आणि त्यांना फार थोडं पुरतं.