कंट्रोलचं धान्य थांबलं तर: नागपुरात आजचं जेवण कुठे, आणि कार्ड पुन्हा सुरू कसं करायचं

महिन्याच्या २४ तारखेला आमच्या वस्तीतल्या एक आजी कंट्रोलमधून, म्हणजे रेशन दुकानातून, रिकामी पिशवी घेऊन परतल्या. दुकानदाराने सांगितलं होतं, "थम (अंगठा) लागत नाही, पुढच्या महिन्यात या." चाळीस वर्षं लोकांची भांडी घासलेले हात ते. बोटांच्या रेघा जवळजवळ पुसल्या गेल्या आहेत. डब्यात मूठ-दोन मूठ तांदूळ उरले होते, आणि "पुढच्या महिन्यात" हे उत्तर त्यांनी निमूटपणे घेतलं होतं.

अशा वेळी दोन कामं एकाच दिवशी सुरू करायची असतात. घरात आज शिजेल काय याची सोय, आणि धान्य नेमकं कशामुळे थांबलं याचा शोध. बहुतेक जण पहिल्या कामात इतके अडकतात की दुसरं राहून जातं, आणि महिना उलटला की त्या महिन्याचा कोटा बहुधा हातचा जातो. म्हणून तारीख बघा आणि लगेच हला.

आजच्या जेवणासाठी

घरात सहा वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा बाळंतीण असेल तर पहिली पायरी अंगणवाडी. ६ महिने ते ३ वर्षांच्या बाळांना आणि गरोदर-स्तनदा मातांना घरी नेण्याचा आहार, ३ ते ६ वर्षांच्या मुलांना ताजं गरम जेवण, हा त्यांचा राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ खालचा हक्क आहे. त्याला रेशनकार्ड लागत नाही. कार्ड बंद असो, दुसऱ्या जिल्ह्यातलं असो, अजिबात नसो, वस्तीतल्या अंगणवाडी सेविकेकडे नाव नोंदवता येतं. बाळाचं लसीकरण कार्ड किंवा आईचं माता-बाल कार्ड आणि आधार सोबत न्या म्हणजे नोंद पटकन होते. बांधकामावर आलेल्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावं. "आमचं गाव छिंदवाड्यात आहे" म्हणून त्या बायका अंगणवाडीच्या दारातूनच परत फिरतात, आणि ते बघून फार वाईट वाटतं.

पहिली ते आठवीच्या मुलांना सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत दुपारचं जेवण मिळतं. घरात चणचण असेल त्या आठवड्यात मुलाची शाळा बुडू देऊ नका.

मोठ्यांसाठी शिवभोजन थाळी आहे. २६ जानेवारी २०२० पासून सुरू असलेल्या या थाळीत १० रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण आणि भात मिळतो. पुरावा, उत्पन्न, कार्ड, काहीच विचारत नाहीत. केंद्रावर फोटो मात्र काढतात, कारण त्या नोंदीवरच केंद्रचालकाला शासनाचं अनुदान मिळतं. त्यात तुमचं नाव कुठे अडकत नाही, घाबरू नका. जेवण दुपारीच मिळतं आणि रोजच्या थाळ्यांची संख्या ठरलेली असते, म्हणून केंद्र उघडताच पोहोचा. केंद्रं मुख्यतः बसस्थानक, रेल्वे स्टेशन, रुग्णालय, बाजार, सरकारी कार्यालयं अशा गर्दीच्या ठिकाणी दिली गेली आहेत. अनुदानाची देयकं थकल्यामुळे राज्यात काही केंद्रं बंद पडली आहेत, तेव्हा दूरच्या केंद्राची बस पकडण्याआधी ते चालू आहे का हे विचारून घ्या.

संध्याकाळसाठी आपल्या शहरात लंगरची मोठी परंपरा आहे. जरीपटका, कामठी रोड या भागांतल्या गुरुद्वाऱ्यांत डोकं झाकून, चप्पल बाहेर ठेवून पंगतीत बसायचं, एवढाच नियम. मोठा ताजबाग इथे बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावरही लंगरची प्रथा आहे. जात, धर्म, पत्ता कोणी विचारत नाही. रोजची वेळ मात्र ठिकाणाप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी विचारून ठेवलेलं बरं. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत घरचं माणूस भरती असेल तर रुग्णाचं जेवण रुग्णालयाकडून असतं. नातेवाइकांच्या स्वस्त किंवा मोफत जेवणाची सोय कुठे आहे ते वॉर्डातल्या सिस्टरला किंवा समाजसेवा अधीक्षकांच्या कार्यालयात विचारा.

यातल्या कुठल्याही पंगतीत बसायला लाज वाटायचं कारण नाही. आजींना हे पटवायला मला अर्धा तास लागला.

धान्य का थांबलं ते आधी ओळखा

दुकानदार "ऑनलाइन दिसत नाही" म्हणतो तेव्हा त्यामागे वेगवेगळी कारणं असू शकतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. कार्डावरचा १२ अंकी आरसी (रेशनकार्ड) क्रमांक घेऊन शासनाच्या रेशनकार्ड संकेतस्थळावर किंवा 'मेरा राशन' अ‍ॅपवर बघा. कोणाचं नाव आहे, कोणाचं गळलं, ई-केवायसी कोणाची बाकी आहे, या महिन्याचा कोटा किती, सगळं दिसतं. स्मार्टफोन नसेल तर शेजारच्या पोराला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे.

सर्वांत जास्त अडचण ई-केवायसीची. कार्डावरच्या प्रत्येक माणसाने आधारने ओळख पटवायची आहे, फक्त कुटुंबप्रमुखाने केली की झालं असं नाही. ती कंट्रोलच्या ई-पॉस (अंगठा घेणाऱ्या) मशीनवर मोफत होते. फोनवर 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅप आणि आधारचं चेहरा ओळखणारं अ‍ॅप टाकून घरबसल्याही होते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या मुलाने त्यासाठी गावी यायची गरज नाही, तिथल्या कुठल्याही रेशन दुकानात त्याची ओळख पटते. मुलांचं अडतं ते आधारमुळे. वयाच्या ५ व्या आणि १५ व्या वर्षी आधारचे ठसे नव्याने द्यावे लागतात. ते दिले नसतील तर मशीन मुलाला ओळखतच नाही. आधी आधार केंद्र, मग कंट्रोल, असा क्रम धरा.

दुसरं कारण, बरेच महिने धान्य उचललंच नाही. केंद्राच्या २०२५ च्या दुरुस्तीनुसार सलग ६ महिने उचल नसेल तर कार्ड तात्पुरतं बंद करून प्रत्यक्ष चौकशी करायची आहे. कार्ड रद्द झालं असं समजून घरी बसू नका. चौकशीत तुम्ही पत्त्यावर राहता आणि पात्र आहात हे दाखवलं की ते पुन्हा सुरू होतं.

तिसरं कारण आजींचं, अंगठा न लागणं. आम्ही दुसऱ्या दिवशी परत गेलो. आजींचे हात साबणाने धुतले, पदराला कोरडे केले आणि दुकानदाराला एकेक करून दहाही बोटं घ्यायला लावली. डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागलं आणि मशीनमधून पावती सरसर बाहेर आली. आजींनी ती पावती बराच वेळ हातात धरून ठेवली होती. बोटं अजिबात लागत नसतील तर डोळ्याच्या बुबुळावरून किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीवरून ओळख पटवण्याचे मार्ग आहेत, ते दुकानदाराला स्पष्ट मागा. केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना बजावलं आहे की केवळ आधारअभावी पात्र कुटुंबाला धान्य नाकारायचं नाही. अंथरुणाला खिळलेल्या किंवा फार थकलेल्या माणसासाठी नामनिर्देशित व्यक्ती, म्हणजे त्याच्या वतीने धान्य उचलणारं माणूस, नेमता येते.

किती धान्य, कोणाला

अंत्योदय (सर्वांत गरीब कुटुंबांच्या) कार्डावर दर महिना ३५ किलो, माणसं कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. दोन्ही जानेवारी २०२३ पासून पूर्ण मोफत. कोणी हमाली, पोतं, मशीनचा खर्च म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा शहरात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपये आहे. इथे एक गैरसमज पक्का बसला आहे. केशरी कार्ड १ लाखापर्यंतच्या उत्पन्नाला मिळतं, पण केशरी म्हणजे धान्य मिळणारच असं नाही. कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आणि ऑनलाइन तशी नोंद, दोन्ही हवं.

मध्य प्रदेश, छत्तीसगड किंवा राज्याच्या दुसऱ्या जिल्ह्यातलं कार्ड असलेल्यांना 'एक देश एक रेशनकार्ड' खाली नागपुरातल्या कुठल्याही कंट्रोलवर आपला कोटा घेता येतो. कागद हस्तांतर करावा लागत नाही, आरसी क्रमांक किंवा आधार क्रमांक पुरतो.

कागद आणि कार्यालय

नागपूर शहरात हे काम अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतल्या परिमंडळ कार्यालयात होतं. तुमचं परिमंडळ कोणतं ते कंट्रोलच्या फलकावर किंवा कार्डावर बघा. चुकीच्या परिमंडळात गेलात तर दिवस वाया जातो, रोजीही बुडते. कामठी, हिंगणा, उमरेड असे तालुके असतील तर तहसील कार्यालयाची पुरवठा शाखा.

नाव पुन्हा जोडायला किंवा प्राधान्य यादीत समावेशासाठी मूळ कार्ड, घरातल्या सगळ्यांचे आधार, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, वीजबिल किंवा भाडेकरार, कुटुंबप्रमुख बाईचा फोटो आणि बँक पासबुक न्या. कायद्याने १८ वर्षांवरची घरातली सर्वांत मोठी बाई हीच कुटुंबप्रमुख असते. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव जोडायचं तर माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आधी काढा, बाळासाठी जन्माचा दाखला. उत्पन्नाचा दाखला सिव्हिल लाइन्सला जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सेतू केंद्रातून किंवा वस्तीजवळच्या आपले सरकार केंद्रातून निघतो. भाड्याने राहणाऱ्यांना घरमालक करार द्यायला तयार नसतो, हे रोजचं रडगाणं आहे. तेव्हा अर्ज परत न घेता स्थळपाहणी करून घ्यावी अशी लेखी विनंती करा.

अर्जाची एक झेरॉक्स सोबत न्या आणि तिच्यावर तारखेसह पोच घ्या. तोंडी सांगितलेल्या गोष्टीला पुढे कोणी विचारत नाही.

दाद कुठे मागायची

धान्य नाकारलं तर त्याच दिवशी १९६७ किंवा १८००२२४९५० या टोल फ्री क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक कार्डाच्या मागे लिहून ठेवा. सुटली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. त्यांच्या निर्णयाविरुद्ध राज्य अन्न आयोगाकडे अपील करता येतं.

त्या अर्जात एक ओळ जरूर घाला. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाच्या कलम ८ नुसार पात्र माणसाला धान्य पुरवलं गेलं नाही तर राज्य शासनाने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा आहे. हा भत्ता मागणारे मी फार थोडे पाहिले, कारण तो आहे हेच लोकांना ठाऊक नाही. लिहा: "अमुक महिन्याचं धान्य मला मिळालेलं नाही, मी अमुक तारखेला दुकानात गेलो होतो, धान्य द्यावं किंवा कलम ८ प्रमाणे भत्ता द्यावा." तक्रार क्रमांक, दुकानाचा क्रमांक, आरसी क्रमांक खाली टाका, आणि सही किंवा अंगठा.